अंगावर हात टाकलेला नाही, तरी संरक्षण आदेश मिळेल का?

वाचकाचं पत्र

माझं वय ३८. पती दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. मुलगी नववीत आहे, मुलगा पाचवीत. लग्न झाल्यापासून सासरच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहते. घर सासूबाईंच्या नावावर आहे. खाली सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ राहतात. पती गेल्यावर वर्षभरातच दिरांनी ‘घर रिकामं कर, माहेरी जा’ हा धोशा लावला. वरची वीज खालच्या मीटरवरून येते. वाद झाला की ते फ्यूज काढतात, टाकीचा कॉक बंद करतात. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. तिथे दोनदा येऊन सगळ्यांसमोर माझ्या चारित्र्यावर बोलले. मुलीच्या शाळेबाहेर उभं राहून ‘आईला सांग घर सोड, नाहीतर तुम्हा दोघांना आम्ही घेऊन जाऊ’ असं तिला म्हणाले. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्यांचे व्हॉइस मेसेज येतात. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि ‘घरगुती मामला आहे, कोर्टात जा’ म्हणून परत पाठवलं. दिरांनी हात कधी उचललेला नाही. नवरा हयात नाही, घर माझ्या नावावर नाही, मारहाण नाही. कोर्ट मला कशाच्या आधारावर संरक्षण देईल?

उत्तर

ताई, असा आदेश मिळू शकतो. तुमच्या मनात ज्या तीन शंका आहेत त्यांपैकी एकही त्याच्या आड येत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो फक्त नवरा-बायकोच्या भांडणापुरता आहे असा समज अजूनही सर्रास दिसतो, पण तो खरा नाही. रक्ताचं नातं, लग्नाने जुळलेलं नातं, दत्तक किंवा एकत्र कुटुंब, यांपैकी कशानेही नात्यात असलेली आणि एका घरात राहणारी किंवा पूर्वी कधीतरी राहिलेली स्त्री या कायद्याखाली दाद मागू शकते. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा सून दिराविरुद्ध अर्ज करू शकते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात जो निकाल दिला, तो तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासूविरुद्ध दाद मागणाऱ्या सुनेचाच होता. नवरा गेला म्हणून सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क संपत नाही, असं न्यायालयाने त्यात सांगितलं.

घर तुमच्या नावावर नाही, याचंही तसंच. कलम १७ मालकीबद्दल बोलत नाही, राहण्याबद्दल बोलतं. सासूच्या किंवा सासऱ्यांच्या नावावरचं घर सुनेसाठी ‘सामाईक घर’ ठरू शकत नाही, असा अर्थ २००६ च्या एका निकालामुळे बरीच वर्षं लावला जात होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरवला. तुम्ही लग्नापासून तिथे कायम वास्तव्याच्या इराद्याने राहिलात, हे दाखवता आलं म्हणजे झालं. मात्र याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. हा राहण्याचा हक्क अबाधित किंवा कायमचा नाही. वृद्ध सासू-सासरे समोर असतील तेव्हा त्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काशी त्याचा मेळ घालावा लागतो. ‘घर माझं झालं’ अशा सुरात अर्ज लिहू नका. ‘कायदेशीर मार्गाशिवाय मला इथून काढू नये’ एवढीच मागणी ठेवा. ती भक्कम आहे.

तिसरी शंका मारहाणीची. कलम ३ मध्ये शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळ स्वतंत्रपणे दिलेले आहेत. चारचौघांत चारित्र्यावर बोलणं, मुलीला धमकावणं हा शाब्दिक आणि भावनिक छळ आहे. ज्या घरात राहण्याचा हक्क आहे तिथली वीज, पाणी, वावर तोडणं आर्थिक छळात बसतं. म्हणून एक कळकळीची विनंती. कोणी ना कोणी तुम्हाला सुचवेल की मारहाणीचे दोन परिच्छेद घाला, म्हणजे केस मजबूत होईल. मुळीच घालू नका. तुमच्या एनसीत मारहाण नाही आणि अर्जात ती आली, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल आणि मग फ्यूज, टाकी, शाळा या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल. अर्जासोबत तुम्ही शपथेवर प्रतिज्ञापत्र देणार आहात. तुमचं खरं आहे तेवढं पुरेसं आहे.

न्यायालय काय बघतं

कलम १८ ची भाषा अशी आहे की कौटुंबिक हिंसाचार झाला आहे किंवा होण्याचा संभव आहे, अशी न्यायदंडाधिकाऱ्यांची सकृद्दर्शनी खात्री झाली तर संरक्षण आदेश देता येतो. यातल्या ‘होण्याचा संभव’ या शब्दांवर सगळं वजन द्या. झालेल्या गोष्टीची शिक्षा देणं हे या आदेशाचं काम नाही. पुढची गोष्ट होऊ नये म्हणून तो दिला जातो. त्यामुळे न्यायाधीश दोन गोष्टी शोधत असतात. त्रासाला क्रम आहे का, तो वाढत चालला आहे का? आणि आदेश दिला नाही तर नेमकं काय घडेल?

‘दीर मला सतत मानसिक त्रास देतात’ या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही, आणि असे अर्ज ढिगाने येतात. आदेश नाकारला जाण्याचं किंवा ‘आधी समोरच्याचं म्हणणं येऊ द्या’ म्हणून तारीख पडण्याचं सगळ्यांत मोठं कारण हा मोघमपणाच असतो. तेच वाक्य असं लिहून बघा: ‘अमुक तारखेला सायंकाळी साडेसातच्या सुमारास गैरअर्जदार क्रमांक १ यांनी जिन्याखालच्या मीटरपेटीतून वरच्या मजल्याचा फ्यूज काढला. मी विचारले असता घर सोडल्याशिवाय फ्यूज मिळणार नाही असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज नव्हती. मुलीची चाचणी परीक्षा होती. मीटरपेटीचा फोटो सोबत जोडला आहे.’ तारीख, वेळ, जागा, कृती, तोंडचे शब्द, परिणाम, पुरावा. प्रत्येक प्रसंग या चौकटीत बसवा. वीस प्रसंग लागत नाहीत. नीट लिहिलेले पाच-सहा पुरेत, पण शेवटचा प्रसंग अगदी अलीकडचा हवा. वर्षापूर्वीच्या घटनेवर तातडीचा आदेश मागितला की ‘मग इतके दिवस काय केलं’ हा प्रश्न हमखास येतो. अर्ज करायला एक वर्षाची मुदत आहे असं कोणी सांगितलं तर घाबरू नका, या कायद्याच्या कलम १२ खालच्या मुख्य अर्जाला तशी मुदत नाही. २०२२ च्या ‘कामाची विरुद्ध लक्ष्मी नारायणन’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. तरी तातडी दाखवायची तर ताजा प्रसंग लागतोच.

तारीख नक्की आठवत नसेल तर ओढूनताणून लिहू नका. ‘गणपतीच्या आधीच्या आठवड्यात’ असं लिहिलेलं चालतं. चुकीची तारीख नडते, कारण त्या दिवशी दीर परगावी होते असं तिकीट समोर आलं की प्रसंगच खोटा ठरतो.

पुरावे आजपासून सांभाळा

तुमच्याकडे आहेत तेवढे पुरावे बऱ्याच जणींकडे नसतात. व्हॉइस मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकू नका, रिसेट करू नका. आधी दिरांच्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू आहे का ते बघा. ती समोरच्यालाही चालू करता येते आणि मेसेज आपल्या नकळत जातात. चॅट एक्स्पोर्ट करून ऑडिओ फाइलींसह दुसरीकडे ठेवा. प्रत्येक मेसेज शब्दशः उतरवून काढा, वर तारीख-वेळ लिहा. शिव्या जशा आहेत तशा लिहा, फुल्या मारू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. अंतरिम टप्प्यावर, म्हणजे मुख्य निकालाआधी तात्पुरता आदेश देताना, न्यायालय साधारणपणे प्रतिज्ञापत्र आणि उतारे पाहून मत बनवतं. पण पुराव्याच्या टप्प्यावर हे प्रमाणपत्र नसेल तर ऑडिओ पुरावा म्हणून धरलाच जाणार नाही, म्हणून वकिलांना आत्ताच त्याची आठवण करून द्या.

शाळेचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मुख्याध्यापकांना आजच लेखी अर्ज द्या: अमुक दिवशी शाळा सुटतानाचं फाटकाजवळचं चित्रण जपून ठेवावं. अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि पोच घ्या. चित्रण नंतर मिळालं नाही तरी ही पोच तुम्ही त्या वेळी तक्रार केल्याचा पुरावा ठरते. पतसंस्थेत जे घडलं त्याबद्दल शाखाधिकाऱ्यांना लेखी कळवा. हजर असलेल्यांपैकी एक जण प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाला तर फारच उत्तम. एनसीची प्रत काढून ठेवा. पोलिसांनी तपास केला नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. वाद कोर्टात जाण्याआधीच तुम्ही हे सांगितलं होतं, एवढं तिच्यावरून सिद्ध होतं आणि ते मोलाचं आहे.

राहण्याच्या पुराव्यासाठी लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, पतींचा मृत्यू दाखला, शिधापत्रिका, त्या पत्त्यावरचं आधार कार्ड, गॅसचं पुस्तक, मुलांचे बोनाफाइड दाखले एकत्र करा. मूळ कागद घरात ठेवू नका. माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा.

मागायचं काय, हे जास्त महत्त्वाचं

आदेश मिळूनही बायका हतबल होतात, त्याचं कारण बहुतेक वेळा मागणीच्या शब्दांत असतं. ‘गैरअर्जदाराने हिंसाचार करू नये’ एवढाच आदेश असेल आणि दीर शाळेबाहेर जाऊन उभे राहिले, तर रात्रपाळीचा हवालदार काय ठरवणार? आदेश असा हवा की तो वाचताच काय मोडलं ते त्याला बोट ठेवून दाखवता येईल.

कलम १८ मध्ये पीडित स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलाच्या शाळेत ‘प्रवेश’ करायला मनाई करता येते. तुमचे दीर शाळेच्या आत गेलेले नाहीत, फाटकाबाहेर उभे होते. नुसतं ‘प्रवेश करू नये’ लिहिलं तर ते पुन्हा फाटकाबाहेर उभे राहतील आणि आदेश मोडला नाही म्हणतील. याच कलमात न्यायालयाला ‘इतर कोणतीही कृती’ नेमून देऊन तिला मनाई करायचा अधिकार आहे, त्याचा आधार घ्या आणि असं मागा: ‘गैरअर्जदार क्रमांक १ यांनी अर्जदाराच्या दोन्ही मुलांच्या शाळांमध्ये प्रवेश करू नये, शाळांच्या फाटकापासून १०० मीटरच्या आत थांबू नये, मुलांना वाटेत अडवू नये, व त्यांना शाळेतून नेण्याचा प्रयत्न करू नये.’ शाळांची नावं-पत्ते पूर्ण लिहा. पतसंस्थेबाबतही असंच.

संपर्काबाबत: ‘स्वतः किंवा अन्य व्यक्तीमार्फत, प्रत्यक्ष, फोनवर, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप, समाजमाध्यम वा इतर कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नये.’ ‘अन्य व्यक्तीमार्फत’ हे शब्द सुटू देऊ नका, नाहीतर मेसेज जावेच्या फोनवरून यायला लागतात.

घराबाबत कलम १९ आहे. इथे आमचं स्पष्ट मत असं की दिरांना घराबाहेर काढण्याची मागणी करू नका. कायद्यात ती सोय आहे, पण ते आईच्या घरात बायकोसह राहतात आणि मजले वेगळे आहेत. न्यायालय इतकी टोकाची मागणी पहिल्या टप्प्यावर सहसा मान्य करत नाही, आणि तिच्यामुळे बाकीच्या रास्त मागण्याही रेंगाळतात. सासूबाई आणि जाऊबाईंना तर तसंही बाहेर काढता येत नाही, कलम १९ चं परंतुक स्त्रीविरुद्ध असा आदेश द्यायला मनाई करतं. त्याऐवजी मागा: वरच्या मजल्यावर दिरांना प्रवेशबंदी, अर्जदाराला व मुलांना कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढू नये, मुख्य दार, जिना, गच्ची आणि टाकी यांच्या वापरात अडथळा आणू नये, कुलूप बदलू नये, वीज आणि पाणी तोडू नये, आणि घर विकून वा गहाण ठेवून तुमचं राहणं धोक्यात आणू नये. जिना आणि मुख्य दार लिहायला विसरलात, तर वरचा मजला तुमचा राहतो आणि खालच्या दाराला कुलूप लागतं.

विजेसाठी समांतर मार्गही धरा. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालकच नव्हे, तिथे राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. स्वतंत्र मीटरचा अर्ज करा. मालकाचं ना-हरकत पत्र मागितलं तर तुमचा राहण्याचा हक्क आणि अंतरिम आदेश त्यासोबत जोडा. फ्यूजची किल्ली दिरांच्या हातात राहणार असेल तर नुसत्या आदेशाने रोजचं भांडण मिटत नाही. दागिने वा कागदपत्रं खाली अडकली असतील तर कलम १९ मध्येच ती परत मागा.

मुलांना ‘घेऊन जाऊ’ या धमकीने तुमचा जीव टांगणीला लागला असेल. हिंदू कायद्यानुसार वडिलांनंतर आईच नैसर्गिक पालक असते. आजीला किंवा काकाला मुलं परस्पर नेता येत नाहीत. मुलं तुमच्याजवळच आहेत, तेव्हा ताब्याचा वेगळा दावा लगेच लागत नाही. तरी कलम २१ खाली त्यांचा तात्पुरता ताबा तुमच्याकडेच राहावा, एवढी ओळ अर्जात ठेवा. शाळेला दाखवायला ती उपयोगी पडते.

कोणाला पक्षकार करायचं

दीर, अर्थातच. सासूबाईंनाही करा, कारण घर त्यांच्या नावावर आहे आणि त्यांना सोडून दिलेला निवासाचा आदेश लंगडा राहतो. स्त्रीविरुद्ध अर्ज चालतो का, हा प्रश्न २०१६ मध्येच निकाली निघाला आहे. हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. जाऊबाईंनी स्वतः काही केलं असेल तरच त्यांचं नाव घाला. परगावी राहणाऱ्या नणंदा, त्यांचे नवरे, चुलत सासरे यांना ओढू नका. प्रत्येक वाढीव नावामागे एक नोटीस, एक पत्ता, एक वकील आणि एक तारीख वाढते. शिवाय ज्यांच्याविरुद्ध काहीच ठोस नाही असे नातेवाईक अर्ज रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जातात आणि मूळ काम तिथेच अडकून पडतं.

अर्ज, नोटीस आणि अंतरिम आदेश

आधी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा. ते महिला व बाल विकास विभागाचे असतात. तुमच्या भागासाठी कोण नेमले आहेत ते जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा १८१ या हेल्पलाइनवर कळेल. ते नमुना १ मध्ये घटनेचा अहवाल तयार करतात, अर्ज भरायला मदत करतात, आणि याचे पैसे लागत नाहीत. वकीलही मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे पगार आहे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नमुना २ मध्ये. तुम्ही जिथे राहता तिथे तो करता येतो, माहेरी तात्पुरत्या गेलात तर तिथेही. कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत लागावा. मुख्य अर्ज बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त चालतो. म्हणूनच पहिल्याच दिवशी कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा वेगळा अर्ज आणि नमुना ३ मधलं प्रतिज्ञापत्र द्या. याच कलमात समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश देण्याचीही सोय आहे. तो मिळायचा तर ‘नोटीस पोहोचण्याच्या काळातच काय होऊ शकतं’ हे प्रतिज्ञापत्रात वेगळ्या परिच्छेदात लिहायला हवं: नोटीस हातात पडताच वीज-पाणी तोडतील, मुलीला पुन्हा शाळेबाहेर गाठतील, आणि असं का वाटतं त्याचे मागचे प्रसंग. सगळ्या मागण्या एकतर्फी मिळतील असं धरू नका. शाळा, संपर्क, वीज-पाणी आणि घराबाहेर न काढणं, एवढ्या तातडीच्या गोष्टींवर जोर द्या.

कधी कधी न्यायालय संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल मागवतं आणि त्यासाठी महिना जातो. अहवाल आला असेल तर तो विचारात घ्यावाच लागतो, पण अहवालाशिवाय आदेश देता येत नाही असं नाही. प्रभा त्यागी निकालात हेही सांगितलं आहे. वकिलांना ते नम्रपणे निदर्शनास आणून द्यायला सांगा.

कामं रखडण्याचं दुसरं मोठं कारण नोटीस. ‘घर बंद होतं’, ‘घेण्यास नकार’ असे शेरे मारून ती परत येते. अर्जात दिरांचा घरचा पत्ता, कामाचा पत्ता आणि मोबाइल नंबर तिन्ही द्या. पहिल्या तारखेच्या दोन दिवस आधी संरक्षण अधिकाऱ्यांना फोन करून नोटीस लागली का ते विचारा. चारित्र्यावरचे शब्द भरल्या कोर्टात वाचले जाण्याची लाज वाटत असेल, तर कलम १६ खाली बंद दाराआड सुनावणी मागता येते.

एक सापळा सांगून ठेवतो. पहिल्या-दुसऱ्या तारखेला दीर म्हणतील, ‘मी लिहून देतो, यापुढे त्रास देणार नाही, अर्ज मागे घ्या.’ घरातली मोठी माणसंही मध्ये पडतील. तडजोडीला आमची हरकत नाही, पण साध्या कागदावरच्या हमीपत्रावर अर्ज मागे घेतला की तुमच्या हातात काहीच राहत नाही. हमी मोडली तरी कलम ३१ चा, म्हणजे आदेशभंगाचा, गुन्हा होत नाही. समेट करायचाच असेल तर त्याच अटी कलम १८ आणि १९ खालचा आदेश म्हणून न्यायालयाकडून लिहून घ्या.

अंतरिम आदेश नाकारला गेला तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत कलम २९ खाली सत्र न्यायालयात अपील करता येतं. दिरांनाही तो हक्क आहे, हे ध्यानात असू द्या.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला विनामूल्य देणं कलम २४ नुसार न्यायालयाचं काम आहे. ती वेळेत पोहोचेल या भरवशावर बसू नका. स्वतः प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात जा, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. एक प्रत दोन्ही शाळांत, एक शाखाधिकाऱ्यांकडे, एक पर्समध्ये, एक फोटो फोनमध्ये. दिरांना आदेश कधी बजावला गेला त्याचाही कागद मिळवा. ‘मला आदेश माहीतच नव्हता’ हा बचाव त्याने संपतो.

आदेश मोडला तर ११२ ला फोन, मग ठाण्यात लेखी तक्रार. संरक्षण आदेशाचा भंग, मग तो अंतरिम का असेना, कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असा गुन्हा आहे, आणि कलम ३२ नुसार तो दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणजे आता एनसी चालणार नाही, एफआयआर व्हायला हवा. पुन्हा एनसीचीच वही पुढे आली तर आदेशाची प्रत आणि कलम ३२ दाखवा, तक्रार लेखी द्या, नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. भंगाची तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्यांमार्फतही करता येते. लहानसा भंग सोडून देऊ नका. एक मेसेज आला तरी त्याची लेखी नोंद द्या. आणि तुमच्या बाजूनेही आदेश पाळा. दिरांना तुम्ही फोन लावलात, चहाला वर बोलावलंत, तर पुढच्या वेळी ‘त्यांनीच बोलावलं होतं’ हे उत्तर तयार असतं.

आता सासूबाईंकडून येणाऱ्या पावलाबद्दल. अशा वेळी बहुधा ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ खाली प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात ‘सुनेला घराबाहेर काढा’ असा अर्ज केला जातो. ती नोटीस आली की दुर्लक्ष करू नका, तिथले आदेश झपाट्याने होतात. डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की स्त्रीचा सामाईक घरात राहण्याचा हक्क मोडण्यासाठी त्या कायद्याचा वापर करता येणार नाही, दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागेल. हजर राहा, आपला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश जोडा, आणि म्हणणं लेखी द्या. सासूबाईही स्त्री आहेत, त्या तुमच्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराचा हाच कायदा वापरू शकतात. त्यांच्याशी बोलताना आवाज चढू देऊ नका, त्यांच्या औषध-पाण्याच्या आड येऊ नका. मुलांना आजीकडे जाऊ द्यायचं असेल तर खुशाल द्या, फक्त कोणत्या दिवशी, किती वेळ आणि दीर घरात नसताना, हे आदेशातच लिहून घ्या. पुढे परिस्थिती बदलली तर कलम २५ खाली आदेशात फेरफार मागता येतो. तो मागेपर्यंत अंतिम संरक्षण आदेश चालू राहतो, दरवर्षी नव्याने मागावा लागत नाही. अंतरिम आदेशाचं मात्र तसं नाही. तुम्ही तारखांना गैरहजर राहिलात आणि मुख्य अर्ज काढून टाकला गेला, तर अंतरिम आदेशही त्याच दिवशी संपतो. सुट्टी मिळत नसेल त्या दिवशी वकिलांकरवी गैरहजेरी माफीचा अर्ज द्या आणि पुढची तारीख त्याच संध्याकाळी विचारून लिहून ठेवा.